वैद्याला लागलेलं पथ्य

वसंत ऋतूत काय खावं, हे मी सगळी हयात रत्नागिरीकरांना सांगत आलो. त्यांनीही मान डोलावून ऐकून घेतलं. मग घरी जाऊन त्यांनी जे खाल्लं, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटाला हात लावून मला शोधून काढावं लागलं. बाहेरच्या लोकांना वाटतं की वैद्य नाडी धरून रोग ओळखतो. माझ्यापुरतं सांगायचं तर नाडी धरायची ती माणूस मध्येच उठून जाऊ नये म्हणून. मनगट आपल्या हातात असलं की तो बोलत राहतो, आणि बोलता बोलता कालची पुरणपोळी आपोआप बाहेर येते.

ऋतुचर्या ही काय भानगड आहे, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थंडीत शरीरात कफ साठतो. वसंतातलं ऊन चढलं की तो थिजलेल्या तुपासारखा पातळ व्हायला लागतो आणि भूक मंदावते. म्हणून या दिवसांत जड, गोड, आंबट, तेलकट खायचं नाही. थंड प्यायचं नाही. दुपारी झोपायचं नाही. कडू, तिखट, तुरट खावं, जुने जव-गहू खावेत, मध चाटावा, भरपूर चालावं. शिवाय जेवताना जेवणाकडेच लक्ष ठेवावं, बडबड करू नये, घास नीट चावावा आणि पोटात थोडी जागा रिकामी राहिली असतानाच हात धुवावा.

हे सगळं मी पुण्याच्या कॉलेजात घडाघडा पाठ केलं. मी मूळचा मंडणगडचा. फणसाच्या झाडाखाली लहानाचा मोठा झालेला. तरी पाठ करताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की चैत्र-वैशाखात आमच्याकडे झाडाला जे जे लागतं ते सगळंच्या सगळं मना केलेल्या गोष्टींत आहे. आंबा गोड आणि जड. फणस गोड, जड, वर चिकट. राहिला कडुलिंब, तर त्याची चार पानं गुढीपाडव्याच्या सकाळी चावून लोक वर्षभरासाठी मोकळे झालेले असतात. आणि दुपारच्या झोपेचं म्हणाल, तर त्या वेळी रत्नागिरीची अख्खी बाजारपेठ फळ्या लावून घोरत असते. माझ्या दवाखान्याचा मालक तर माझ्याच बाकड्यावर येऊन झोपायचा.

पण नवीन बी.ए.एम.एस. आणि नवीन लग्न, दोन्हींत माणसाला उत्साह फार असतो. दवाखाना उघडला त्या वर्षी मी एका पेंटरकडून भलामोठा फलक रंगवून घेतला. 'वसंतात काय टाळावे' असं वर लिहून खाली आंबा, फणस, श्रीखंडाची वाटी आणि माडाखाली झोपलेला माणूस. पेंटर हौशी होता. आंबा त्यानं असा काढला की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, आणि त्यावर मारायची लाल फुली मात्र चित्र खराब होईल म्हणून कोपऱ्यात बारीक काढली. पहिले आठ-दहा दिवस लोक दारात थांबून विचारायचे, "पेटी कशी लावलीत?" एकानं तर मी वैद्य आहे हे सांगितल्यावरही, "असू दे हो, पण आंबा कुठचा?" म्हणून पिच्छा पुरवला.

फी म्हणून लोक पैसे द्यायचे, नाही असं नाही. पण मी फणस बंद केलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोच फणस खांद्यावर घालून माझ्या दारात. "घरात ठेवला तर हात जातोच हो. तुम्हीच ठेवा." आंबे तसेच, काजूगर तसेच. आता अन्न फेकणं हे काही कुठल्या शास्त्रात बसत नाही. मी ते ठेवून घ्यायचो, आणि घरी ठेवलं की काय होतं ते त्या लोकांनी आधीच सांगितलेलं होतं. दोन-तीन वसंत असे गेल्यावर बायको एकदा माझ्या शर्टाची बटणं सरकवून लावताना म्हणाली, "तुमच्या पेशंटांचं वजन उतरतं ते जातं कुठे, ते मला कळलं."

अशा दिवसांत, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास, शिमग्याच्या आधी यशवंत माझ्याकडे आला. खाडीपलीकडच्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथे जावं लागतं. यशवंत बोटीवर सुकाणी होता. म्हणजे कप्तान सांगेल त्या दिशेला जहाजाचं चक्र धरून उभा राहणारा माणूस. दहा-दहा महिने पाण्यावर, मग अडीच-तीन महिने घरी. माणूस दणकट, रुंद, आणि पोट सुकाणूच्या चक्राएवढं.

आत आला तो दार लोटून घेऊन बसला.

"डॉक्टर, बाहेर बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

"बायकोला नाय, आयशीला तर नायच नाय."

मी मनगट धरलं. मग सगळं बाहेर आलं. मुंबईत उतरल्यावर कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं होतं. वजन फार, लघवीत साखर. "त्यानं सांगितलान, अडीच म्हैन्यांनी परत ये. साखर उतरली नसंल तर अनफिट मारीन. शिक्का बसला की संपलं, डॉक्टर. मला चाक धरण्यापलीकडं काय येत नाय. गावात बसून करू काय, कोलंबीची राखण?"

तर प्रश्न एवढाच होता. वैशाखाच्या अखेरीपर्यंत साखर उतरली तर सुकाणी, नाहीतर घरी. आणि मधले दिवस कुठले, तर शिमगा, पाडवा, चैत्रगौरीची हळदीकुंकवं, लग्नसराई आणि आंबा.

त्या वेळी साखर बघायची आमची रीत साधी होती. एका निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर फार. ती बाटली खरं तर आमच्या शास्त्रातली नव्हे. मी ती कपाटात च्यवनप्राशाच्या मागे ठेवायचो. यशवंताची नळी उकळली ती जांभ्या दगडासारखी लाल झाली. दोघंही नळीकडे बघत बसलो.

"घर बांधायला बरा हाय," यशवंत म्हणाला.

मी त्याला अख्खी ऋतुचर्या सांगितली. जव म्हटल्यावर तो विचारात पडला. रत्नागिरीच्या बाजारात मी स्वतः हिंडून जव विचारले. एका दुकानदारानं पूजेचे मूठभर काढून दिले, दुसऱ्यानं "सरबत काय?" म्हणून विचारलं. शेवटी नाचणी घे म्हटलं. नाचणीची आंबील, नाचणीची भाकरी, मुळ्या-मेथीची भाजी, ताक पातळ. भात मूठभर, साखर-गूळ बंद, आंबा-फणस बंद. रोज चालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून मी बजावलं, "जेवताना बोलायचं नाही. घासाकडे लक्ष. बत्तीस वेळा चावायचं."

"बत्तीस?"

"बत्तीस."

"बोटीवर एवढ्यात तीन माणसं जेवून उठतात."

हे शेवटचं कलम घातलं नसतं, तर पुढचं रामायण झालं नसतं.

बोटीवरनं आलेला माणूस गावात कसा वागतो, याची एक रीत आहे. पहिल्या आठवड्यात त्यानं घरोघर जायचं, साबणाची वडी, अत्तराची बाटली द्यायची, आणि ज्या घरात जाईल तिथे काहीतरी खायचं. नुसता चहा चालत नाही. "दहा म्हैने मीठपाणी खाऊन आला" म्हणून पानात जे काय असेल ते वाढतात, आणि नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. यशवंत पहिल्याच दिवशी चार घरांत नको म्हणाला. पाचव्या घरात खाल्लं, पण बत्तीस वेळा चावून, घासाकडे टक लावून, एक अक्षर न बोलता. वाढणारी बाई घाबरून मागल्या दारानं त्याच्या आईकडे गेली.

त्याची आई म्हणजे भागीकाकी. वय झालेलं, पण आवाज खाडीच्या या तीरावर ऐकू येईल असा. तिच्या घरामागच्या परड्यात हापूसचं एक कलम होतं, यशवंताच्या बापानं लावलेलं. यशवंताची रजा कधी पावसात पडायची, कधी दिवाळीत. आंब्याच्या दिवसांत मुलगा घरी, हे कितीतरी वर्षांनी जुळून आलं होतं. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी आंबा बंदच केला असता, कारण नळी लाल झाली होती. पण सांगताना जरा खालच्या आवाजात सांगितलं असतं.

पंधरवड्यानं भागीकाकी माझ्या दवाखान्यात हजर.

"डॉक्टर, माझ्या यशाला कायतरी झालंन. जेवताना बोलत नाय. समोरच्या भिंतीकडं बघतो नि चावतच राहतो, चावतच राहतो. काल पुरणपोळी केलंय, हात नाय लावलान. सुनेला विचारलंय, तुमचं काय बिनसलंन काय गो? तर ती रडाया लागली. तिला वाटतंय, बोटीवर कुणीतरी दुसरी हाय."

मी शब्द दिलेला. म्हटलं, "काकी, हवापालट आहे. समुद्राच्या हवेतनं एकदम इकडच्या हवेत..."

"समुद्र आमच्या दारात हाय."

तिला एक गुळवेलीची पुडी दिली. ती तिनं उघडून वास घेऊन माझ्याच टेबलावर ठेवली. "एक इंजेक्शन मारा त्याला," म्हणाली आणि गेली.

तोपर्यंत नळी लालवरून पिवळ्यावर आली होती, म्हणजे माझं शास्त्र चाललेलं होतं. चाललेलं नव्हतं ते यशवंताचं घर. बायको माहेरी जायची भाषा करत होती. शेजारी म्हणत होते की बोटवाला माजला, आमच्या हातचं खात नाही. आणि शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात बसल्यावर भागीकाकीनं ठरवलं, की आता देवीला कौल लावायचा.

कौल म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. गुरव मूर्तीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून देवीला प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. कळी पडायला कधी क्षण लागतो, कधी तास. त्या गावात लग्नं, बांध, विहिरी, सगळं कळ्यांवर ठरत आलंय, आणि माझ्या औषधांइतपत तरी ते नक्कीच लागू पडतं.

मला निरोप आला की डॉक्टरांनीही यावं. मी गेलो. का गेलो, तर मला वाटलं, आपण सुशिक्षित माणूस, वेळ पडली तर दोन शब्द सांगू. होडीतून उतरून देवळात पोचलो तेव्हा अर्धा गाव सभामंडपात बसला होता. यशवंत खांबाला टेकून. मला बघून त्यानं नुसते डोळे मोठे केले. त्याचा अर्थ, तोंड उघडू नका.

सखाराम गुरव म्हातारा होता आणि माझा पेशंट होता. त्याची दुपारची झोप मी बंद केली होती. त्यानं कळ्या लावल्या आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बाय माझे, लेकरू दर्यावरनं घरी इलंन. अन्नावरनं त्याचं मन उडालंन. बाहेरची काय बाधा असंल तर उजवी दे."

सगळे टक लावून. बऱ्याच वेळानं डावी पडली. सुनेनं पदरानं डोळे पुसले.

"दर्याच्या दोषानं असंल तर उजवी दे."

डावी.

भागीकाकी मागून म्हणाली, "सखाराम, मेल्या, डॉक्टराचं विचार. त्याच्याकडं जायला लागल्यापासनं हे चाललंय."

गुरवानं माझ्याकडे वळून बघितलं. झोप मोडलेल्या माणसाची ती नजर मी ओळखली. "बाय माझे, डॉक्टराच्या औषधानं हे होत असंल..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. इतकी चटकन, की मलासुद्धा पटलं.

अख्खा सभामंडप माझ्याकडे वळला. आता खरं सांगावं तर यशवंताला दिलेला शब्द मोडतो, आणि शिक्का बसायच्या आधीच गावात अनफिट. खोटं सांगावं तर समोर देवी. मी मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग हाच माझ्या सगळ्या फजित्यांचा मूळ रस्ता आहे. उभा राहून मी वसंत ऋतूवर भाषण केलं. कफ, ऊन, तुपाचं पातळ होणं, सगळं. "यशवंताला काही झालेलं नाही. हे पथ्य या ऋतूत प्रत्येकानं पाळावं असं शास्त्र आहे."

"प्रत्येकानं?" भागीकाकी.

"प्रत्येकानं."

"तुम्ही पाळताव?"

मागल्याच रविवारी त्याच गावातल्या एकानं आणून दिलेला बरका फणस मी एकट्यानं अर्धा संपवला होता. तो माणूस तिथे तिसऱ्या ओळीत बसलेला. मी म्हणालो, "पाळतो की."

सखाराम गुरव शांतपणे नवीन कळ्या भिजवू लागला. "मगे बरं झालं. देवी मोकळं करीस्तोवर डॉक्टरानं नि यशवंतानं मिळून हा नेम पाळायचा. गोड नाय, आंबा नाय, फणस नाय, मूग गिळून जेवायचं. बाय माझे, तुझ्या मनात असंल तर उजवी दे."

डाव्या कळीला बरीच संधी होती. पण पडली उजवी.

त्या दिवसापासून यशवंताचा प्रश्न सुटला. जे मी महिनाभर घसा फोडून करू शकलो नव्हतो, ते एका कळीनं केलं. आता तो देवीचा नेम होता. कुठल्याही घरात त्याला कुणी आग्रह करीना. उलट आयाबाया नाचणीची आंबील करून ठेवायला लागल्या. जेवताना गप्प बसला तर पोरांना दटावायच्या, "बोलू नका रे, दादाचा नेम हाय." बायकोचं रडं थांबलं. दुसऱ्या बाईपेक्षा देवी केव्हाही परवडली. नळी पिवळ्यावरून हिरव्यावर आली.

आणि माझे हाल सुरू झाले. त्या गावचं माणूस रत्नागिरीच्या बाजारात रोज कुणी ना कुणी असतंच. मासळी घेऊन आलेल्या बाया, कोर्टात आलेले पुरुष, कॉलेजातली मुलं. मी आंब्याच्या पाटीपाशी नुसता उभा राहिलो तरी मागून हाक, "डॉक्टर, बायकोसाठी घेताव ना?" माझ्याकडे येणारे फणस बंद झाले, त्यांच्या जागी नाचणीच्या पिशव्या यायला लागल्या. घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ आणि पन्हं बायकोनं माझ्या देखत शेजारणींना वाटलं. त्यांत एक त्या गावची माहेरवाशीण होती, ती जाईपर्यंत मी पाटावर बसून मेथीची भाजी बत्तीस वेळा चावत होतो. मेथी बत्तीस वेळा चावून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. शास्त्रात ज्यानं घास चावायचं लिहिलं, त्याच्या पानात नक्कीच दुसरं काहीतरी असणार.

वैशाख लागला तसा माझा धीर सुटला. पालीला माझे एक जुने पेशंट होते, त्यांना बघायला म्हणून मी सकाळची एस.टी. पकडली. पाली कोल्हापूरच्या रस्त्यावर, खाडीपासून लांब. तिथे त्या गावचं कोण येणार? पेशंट बघितला, आणि बाजारात एका म्हाताऱ्याच्या दुकानामागे जाऊन बसलो. तो कापा फणस फोडून पानावर गरे विकायचा. रस्त्याकडे पाठ करून मी पान पुढ्यात घेतलं. शेजारी आणखी एकजण रस्त्याकडे पाठ करून बसला होता. रुंद पाठ.

पहिला गरा तोंडात टाकल्यावर मी मान वळवली. यशवंतानंही त्याच वेळी वळवली.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मान खाली घालून, एकेक गरा, अगदी घासाकडे लक्ष ठेवून, सावकाश चावत संपवला. जेवणाचं ते कलम आम्ही दोघांनी इतक्या मनोभावे पाळल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "आणखी देऊ?" आम्ही दोघांनी एकदम पान पुढे केलं.

हात धुताना यशवंत म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कशाला इलाव?"

"पेशंट बघायला."

"मी बी."

मग तो स्टँडाकडे न वळता सरळ हातखंब्याच्या रस्त्याला लागला. मी मागोमाग गेलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चालता चालता तो म्हणाला, "आज हरलंय, डॉक्टर. मुंबईत नळी लाल झाली तर ती तुमची चूक नाय. हे आधीच सांगून ठेवतंय."

"एका फणसानं काही होत नाही."

"एक नाय. तिसऱ्यांदा इलंय हिकडं." तो थांबला. "बोटीवर रात्री चाक धरून उभा असतंय ना, तेव्हा डोळ्यापुढं काय येतं सांगू? बायको नाय. आमच्या परड्यातला आंबा. यंदा झाड भरून लागलाय. आयशी सगळे काढून अढीत घालून ठेवते, दोन-दोन दिवसांनी बघते, नि पिकले की शेजारी वाटून टाकते. मला दाखवत बी नाय. ती दाखवत नाय म्हणून मी हिकडं येतंय."

शास्त्रात यावर काही लिहिलेलं असेल तर ते मला पाठ नव्हतं. मी म्हटलं, "चल, चालू या." हातखंब्यापर्यंत चाललो. तिथून त्याला एस.टी. मिळत होती, पण तो पुढे निघाला, आणि माझी लाज मला गाडीत बसू देईना. रत्नागिरीत पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. सांगितलेल्या पथ्यातला 'भरपूर चालावं' हा भाग मी आयुष्यात तेव्हा प्रथम पाळला. यशवंत मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज चालायला लागला. पहाटे उठून किनाऱ्यानं पार टोकापर्यंत जाऊन यायचा. पालीला परत गेला नाही. मी एकदा गेलो, पण त्याला सांगितलं नाही.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तो नळी उकळायला आला. उकळी आली. औषध निळं राहिलं. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं. निळंच.

"दर्यासारखी," तो म्हणाला. मग पट्ट्याला पाडलेलं नवीन भोक दाखवून गेला.

मुंबईहून परत आला तो एस.टी.तून उतरून थेट दवाखान्यात. दारातूनच म्हणाला, "पास." मालक बाकड्यावर झोपलेला होता, त्यालाही जागं करून सांगितलं. पुढच्या आठवड्यात बोट. म्हणजे हातात मोजके दिवस. भागीकाकीनं त्याच संध्याकाळी मला बोलावणं धाडलं.

देवळात या वेळी गर्दी नव्हती. गुरव, घरची माणसं आणि मी. सखारामनं गाऱ्हाणं घातलं, "लेकराची भाकरी राहिली, बाय माझे. त्याचा नेम सुटला असंल तर उजवी दे." उजवी पडली. नंतर चार दिवस थोडंथोडं खा, एकदम नको, असं मी सांगत होतो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घरी पडवीत पाट मांडलेले होते. भागीकाकीनं अढीतून शेवटचे आंबे आणले. झाडावर सगळ्यात उशिरा राहिलेले, दोनच, सालीला सुरकुत्या पडलेले. हे दोन तिनं वाटले नव्हते. सुरी न घेता यशवंतानं एक हातात मऊ केला, देठ काढला आणि तोंडाला लावला. आई समोर बसली. तो खात होता, सावकाश, आंब्याकडे बघत, एक शब्द नाही. सवयच लागली होती त्याला.

"आता तरी बोल, मेल्या," ती म्हणाली.

दुसरा आंबा त्यानं अर्धा खाल्ला आणि अर्धा तिच्या हातात दिला.

माझ्या पानात नाचणीची आंबील आली. मी भागीकाकीकडे बघितलं.

"तुमचं विचारायचं राहिलं ना," ती म्हणाली.

सखाराम पलीकडे विड्याचं पान जमवत होता. "डॉक्टराचं वेगळं गाऱ्हाणं घालाया लागंल. आज कळ्या संपल्या."

यशवंत गेला. पुढं पुष्कळ वर्षं चाक धरलं त्यानं, साखर सांभाळून. त्याच्या रजा पुन्हा पावसात आणि दिवाळीतच पडत राहिल्या. आंब्याच्या दिवसांत घरी आला तो थेट आईच्या बाराव्याला. त्या खेपेला मीच त्याला म्हटलं, खा बाबा, यंदा काय हवं ते खा. तो म्हणाला, आता आंबे वाटून टाकतंय, तिच्यासारखं.

माझं गाऱ्हाणं मात्र कुणी घातलंच नाही. भागीकाकी गेली, सखाराम गेला, त्याचा मुलगा गुरवकी करतो. खाडीवर आता पूल झालाय आणि त्या गावची माणसं गाडीनं येतात. वसंत आला की माझ्या दारात नाचणीची पिशवी येते. आंबा नाही, फणस नाही. कुणी नवीन सून चुकून घेऊन आलीच, तर बाकीच्या तिला दारातूनच परत फिरवतात. डॉक्टरांचा नेम हाय गो. एवढ्या वर्षांत माझ्या पथ्यावर मी सोडून सगळ्यांचा विश्वास बसलाय.

गेल्या चैत्रात बायको म्हणाली, "अहो, जाऊन एकदा विचारून तर या. होडीनंसुद्धा जायला लागत नाही."

मी म्हटलं, "आणि डावी पडली तर? आत्ता निदान चोरून तरी खाता येतंय."